प्राणिसंग्रहालय ते राष्ट्रीय उद्यान : दोन दिवसांच्या अभ्याससहलीचे नियोजन (मुंबईच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिलेल्या निर्देशांनंतर पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व शाखांत हळूहळू सक्तीचा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी तयार केलेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात ५० तासिकांपैकी ५ तासिका आणि १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले होते. त्याच आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते पूर्णपणे थांबविण्याचे धोरण स्वीकारले. मृत प्राणी मेजावरून गेला. त्याच्या जागी जिवंत प्राण्याचे निरीक्षण यावे अशी अपेक्षा होती. ही अपेक्षा आपण कितपत पूर्ण करतो, हा प्रस्तुत लेखामागील प्रश्न आहे.

बहुसंख्य महाविद्यालयांत हे क्षेत्रकार्य म्हणजे डिसेंबर-जानेवारीतील शनिवार-रविवारची सहल होय. दोन दिवस, एक बस, पन्नास विद्यार्थी आणि भेटीच्या ठिकाणांची भलीमोठी यादी, असे तिचे स्वरूप असते. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी अशीच एक सहल आखली होती. दोन दिवसांत पाच ठिकाणे दाखविल्याचे समाधान परतीच्या प्रवासात पुष्कळ वाटले. पुढे अहवाल हाती आले तेव्हा सत्तेचाळीस अहवालांत वाघाविषयी एकच वाक्य आढळले : वाघ पाहिला. तो काय करीत होता, कुठे होता, किती वेळ पाहिला, याविषयी कोणीही एक ओळ लिहिली नव्हती. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबण्यास त्यांना दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ मिळालाच नव्हता आणि तेवढ्या वेळात झोपलेल्या वाघाविषयी यापेक्षा अधिक काही लिहिणे मलाही जमले नसते.

या अनुभवातून जे नियोजन सुचले ते येथे मांडले आहे. ते थोडक्यात असे की, दोन दिवसांत दोनच ठिकाणे घ्यावीत. त्यांतील एक प्राणिसंग्रहालय व दुसरे राष्ट्रीय उद्यान असावे. आणि दोन्ही ठिकाणी आढळणारी एखादी प्राणिजाती हा सहलीचा दुवा असावा. प्राणिसंग्रहालयात प्राणी दिसतो, पण त्याचे जगणे दिसत नाही. वनात त्याचे जगणे सर्वत्र पसरलेले असते, पण तो स्वतः बहुधा दिसत नाही. यांपैकी एकच बाजू पाहून आलेला विद्यार्थी अर्धवट माहिती घेऊन येतो, आणि ती अर्धवट आहे हे त्याला कळतही नाही.

ठिकाणांची निवड :

उदाहरणादाखल मुंबईतील दोन ठिकाणे घेतली आहेत : भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच जुन्या पिढीची राणीची बाग, आणि बोरीवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पहिले बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या ताब्यात आहे, तर दुसरे राज्याच्या वन विभागाच्या. एक मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, तर दुसरे पश्चिम रेल्वेच्या बोरीवली स्थानकाच्या पूर्वेस जवळच आहे. दादरला गाडी बदलली की एकाकडून दुसरीकडे जाता येते. बाहेरगावच्या महाविद्यालयाला बस घेऊन शहरात फिरण्याची गरज नाही आणि रहदारीत जाणारे दोन-तीन तास वाचतात. मात्र पन्नास जणांचा गट सामानासह गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढविणे अशक्य आहे. सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवूनच निघावे आणि शनिवारचा मुक्काम बोरीवली परिसरात करावा, म्हणजे रविवारी पहाटेचा वेळ हाती राहतो.

व्हिक्टोरिया गार्डन्स या नावाने ही बाग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाली. तिचा हेतू वनस्पतिउद्यानाचा होता. प्राणी नंतर आले. हा क्रम आजही बागेत फिरताना जाणवतो, कारण तेथील वृक्षसंपदा प्राण्यांपेक्षा अधिक मोलाची आहे असे मानणारे अनेक जाणकार आहेत. बागेचा कायापालट करण्याची योजना या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आली, तेव्हा झाडांच्या काळजीपोटी नागरिकांनी तिला विरोध केला होता. गोरखचिंच, उर्वशी यांसारखे वृक्ष एकाच फेरीत दाखविण्याची संधी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी दवडू नये. शेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच्या बाहेर घारापुरीचा तो प्रसिद्ध दगडी हत्ती उभा आहे. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो भंगला आणि पुढे तुकडे जोडून पुन्हा उभा करण्यात आला. इतिहासाचे विद्यार्थी बरोबर असतील तर हत्तीच्या या कथेला पाच मिनिटे देण्यास हरकत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या महानगराच्या हद्दीला लागून असलेले असे वन जगात विरळच. विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच वनात आहेत आणि मुंबईच्या पाण्याचा काही भाग त्यांतून येतो. शंभराहून अधिक लेण्यांचा कान्हेरीचा समूहही याच सीमेत आहे. लेण्यांजवळ कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी पाहिल्या की, पाणी अडविण्याची विद्या या डोंगरात किती जुनी आहे हे भूगोलाच्या विद्यार्थ्यालाही कळते.

दिवस आणि वेळ :

नियोजनात सर्वाधिक चुका साप्ताहिक सुट्टीबाबत होतात. राणीची बाग बुधवारी बंद असते, तर राष्ट्रीय उद्यान सोमवारी. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आल्यास बाग त्या दिवशी खुली ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याची प्रथा आहे. म्हणून सुट्टीला जोडून सहल आखणाऱ्यांनी गुरुवार गृहीत धरू नये. ही साप्ताहिक सुट्टी कर्मचाऱ्यांच्या सोयीपुरती नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेसंबंधीच्या नियमांतच प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवण्याची तरतूद आहे. त्यामागे प्राण्यांना माणसांच्या नजरेपासून एक दिवस विसावा मिळावा हा विचार आहे. विद्यार्थ्यांना हे आधी सांगितले की पिंजऱ्यापुढील त्यांचा आवाज आपोआप कमी होतो, असा अनुभव आहे.

शनिवार-रविवार हे दोन्ही दिवस गर्दीचे असतात. वेळापत्रकात बसत असेल तर गुरुवार-शुक्रवार केव्हाही चांगला. ते शक्य नसेल, आणि बहुतेकांना ते नसतेच, तर बाग शनिवारी सकाळी व वन रविवारी घ्यावे. रविवारी दुपारी बागेत इतकी गर्दी असते की प्राण्यांपेक्षा माणसांच्या वर्तनाचेच निरीक्षण होते. (समाजशास्त्राच्या विभागाने ते जरूर करावे.) वनातही रविवारी गर्दी असते, परंतु ती प्रवेशद्वार, सफारीची बस आणि कान्हेरीची वाट एवढ्यातच अडकते. आगाऊ परवानगी घेऊन मार्गदर्शकासह शिलोंढ्यासारख्या निसर्गवाटेने गेलेल्या गटाला ती फारशी भेटत नाही. मोठा गट असल्यास परवानगीचे पत्र महाविद्यालयाच्या शीर्षपत्रावर किमान तीन आठवडे आधी पाठवावे आणि उत्तर आले नाही तर दूरध्वनीने पाठपुरावा करावा. तिकिटांचे दर, वेळा आणि सफारीचे वेळापत्रक अधूनमधून बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या सहलीच्या कागदांवर विसंबू नये.

दिवसातील वेळही महत्त्वाची आहे. बिबट्या, तरस, अस्वल हे प्राणी प्रामुख्याने संधिप्रकाशात व रात्री वावरणारे. भर दुपारी ते झोपलेले दिसले तर त्यात त्यांचा आळस नाही. आपण चुकीच्या वेळी आलो एवढाच त्याचा अर्थ. बाग सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते. दारावर त्याआधी पोहोचावे आणि पहिले दोन तास प्राण्यांना द्यावेत. झाडे आणि संग्रहालय दुपारी. बहुतेक सहलींत हा क्रम नेमका उलटा असतो, कारण सकाळी नाष्टा होईपर्यंतच अकरा वाजतात.

शनिवार : पिंजऱ्यापुढील अर्धा तास

येथे विषयाचा गाभा येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच प्राणी द्यावा. वाघ सर्वांनाच हवा असतो. तो सर्वांना पाहू द्यावा, पण निरीक्षणासाठी चितळ आणि बिबट्या या दोन जाती मुख्य ठेवाव्यात, कारण या दोन्ही जाती दुसऱ्या दिवशीच्या वनातही स्वतंत्रपणे राहतात. गटाने ठरलेल्या प्राण्यासमोर सलग तीस मिनिटे उभे राहावे आणि दर मिनिटाला, घड्याळाचा काटा बाराच्या आकड्यावर येताच, प्राणी त्या क्षणी काय करीत आहे याची एका अक्षराने नोंद करावी : विश्रांती, चालणे, खाणे, अंग चाटणे किंवा स्वच्छ करणे, दुसऱ्या प्राण्याशी संबंध, प्रेक्षकाकडे लक्ष आणि दिसत नाही. शेवटचा रकाना अनेक जण गाळतात. तो गाळू नये. आडोशाला गेलेला प्राणी ही देखील नोंदच आहे, आणि आडोसा उपलब्ध असणे ही त्या निवाऱ्याच्या बाजूची गोष्ट आहे.

ही पद्धत नवी नाही. वर्तनाच्या निरीक्षणाचे नमुने कसे घ्यावेत याविषयी जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये लिहिलेला लेख या क्षेत्रात पायाभूत मानला जातो आणि ठरावीक अंतराने नोंद घेण्याची रीत त्यात तपशीलाने चर्चिलेली आहे. तिच्यासाठी वही, पेन्सिल आणि घड्याळ एवढीच साधने लागतात. गटातील दोघांनी एकमेकांची वही न पाहता नोंदी कराव्यात. तीस नोंदींपैकी चोवीस जुळल्या तर मेळ ८० टक्के. उरलेल्या सहा नोंदी का जुळल्या नाहीत यावर रात्री मुक्कामी जी चर्चा होते, तीत संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी भाग घ्यावा. वर्गात महिनाभर शिकविलेली निरीक्षकाची चूक येथे एका संध्याकाळी समजते.

तीस मिनिटांत काय दिसते? बऱ्याचदा काहीच नाही, आणि विद्यार्थी दहाव्या मिनिटाला कंटाळतात. बाराव्या-तेराव्या मिनिटाच्या आसपास मात्र नजर बदलते. चितळांच्या कळपात कोण कोणाला बाजूला सारते, कोणाचे कान कोणत्या दिशेला वळतात, माणसांचा घोळका आला की कळप किती मागे सरकतो, हे दिसू लागते. यातील शेवटच्या गोष्टीला शास्त्रात नाव आहे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी प्राण्यांच्या पलायन-अंतराची कल्पना मांडली : शत्रू किंवा अनोळखी प्राणी ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी दूर जातो. बंदिस्त जागेत हे अंतर पाळण्याची सोय नसेल तर त्याच्यावर कायमचा ताण राहतो. १९४२ च्या आपल्या ग्रंथात हेडिगर यांनी हा विचार प्राणिसंग्रहालयांच्या रचनेला लावला. त्याही आधी, १९०७ मध्ये, कार्ल हागेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन येथे गजांच्या जागी खंदक योजून मोकळे निवारे उभारले होते. राणीच्या बागेतील वाघाच्या निवाऱ्यात आज गजांऐवजी काच आहे. गज, जाळी, खंदक आणि काच यांपैकी कोणता अडथळा प्रेक्षकाच्या सोयीचा व कोणता प्राण्याच्या, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जागेवरच विचारावा. काचेमुळे प्रेक्षक अगदी जवळ येतो. प्राण्याला ते हवे असते की नाही, हे त्याच्या मागे सरकण्याच्या नोंदीवरून पाहता येते.

दुसरी महत्त्वाची नोंद एकसुरी येरझाऱ्यांची. एकाच मार्गाने, त्याच वळणावर तीच मान फिरवून, कोणत्याही दृश्य हेतूवाचून चालत राहणे याला स्टिरिओटाइपी म्हणतात. क्लब आणि मेसन यांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, निसर्गात ज्या मांसाहारी जाती फार मोठ्या क्षेत्रात वावरतात, त्यांच्यात बंदिवासात अशा येरझाऱ्या अधिक दिसतात. परंतु येथे विद्यार्थ्यांना सावध करावे लागते. प्रत्येक चालणारा बिबट्या दुःखी नसतो. खाण्याची वेळ जवळ आली की परिचित दाराकडे फेऱ्या मारणे अपेक्षितच आहे. भारतातील अनेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. तो कोणत्या दिवशी हे रक्षकाला विचारल्याशिवाय नोंदीचा अर्थ लावू नये. प्राण्याला रोज पाहणारा माणूस तोच असतो. सहलीच्या गडबडीत त्याच्याशी कोणी बोलत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी मात्र बोलावे, त्याच्या कामाची वेळ सांभाळून आणि अदबीने.

पेंग्विन पाहण्याचा आग्रह विद्यार्थी धरतातच. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन २०१६ मध्ये सोलहून येथे आणण्यात आले. त्यांपैकी एक त्याच वर्षी दगावला आणि २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला. त्यांच्यासाठी कक्ष सतत थंड ठेवावा लागतो. भारतीय प्राणिसंग्रहालयाने परदेशी प्राण्यावर किती खर्च करावा, हा वाद त्या वेळी वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाला. प्रस्तुत लेखकाचे मत या खर्चाच्या विरोधात आहे. पण त्या कक्षासमोर लहान मुलांचे चेहरे पाहिले की ते मत पूर्वीइतके ठाम राहत नाही, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निबंधासाठी हा विषय चांगला आहे.

प्राणी येतात कोठून, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. आज प्राणिसंग्रहालयासाठी वनातून हवा तो प्राणी पकडून आणता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून प्राण्यांची देवघेव या प्राधिकरणाच्या परवानगीने, प्रामुख्याने मान्यताप्राप्त संग्रहालयांच्या दरम्यान होते. राणीच्या बागेत २०२० मध्ये आलेली वाघांची जोडी तत्कालीन औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून अशीच आली. याच अधिनियमाच्या ३८ जे या कलमान्वये प्राण्याला चिडविणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाजाने त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे यांस मनाई आहे. सहलीच्या सूचनापत्रकावर हे कलम छापावे. ‘कृपया’ने सुरू होणाऱ्या सूचनेपेक्षा कायद्याचे वाक्य विद्यार्थी अधिक गंभीरपणे घेतात.

रविवार : न दिसणाऱ्या प्राण्याचा अभ्यास

रविवारी सकाळी उद्यान उघडताच आत जावे. प्रवेशद्वाराजवळील भागात पिंजरे लावलेल्या बसमधून वाघ-सिंहांच्या बंदिस्त विहाराची फेरी असते. सिंह हा या वनाचा रहिवासी नाही आणि या कुंपणातील वाघही बंदिवासातीलच. ही फेरी म्हणजे प्राणिसंग्रहालयाचाच विस्तार आहे, हे तिकीट काढण्याआधी स्पष्ट करावे. अन्यथा अहवालात ‘बोरीवलीच्या जंगलात सिंह पाहिले’ असे वाक्य येते. वेळ कमी असेल तर ही फेरी वगळली तरी चालते.

खरा अभ्यास वाटेवरचा. चितळ येथे मोकळे आहेत. आदल्या दिवशी ज्या गटाने चितळांची नोंद केली, त्याने आज तीच सात अक्षरे वापरून नोंद करावी. कळप बहुधा पाच-सात मिनिटांतच झाडीत जाईल आणि ‘दिसत नाही’ हा रकाना भरत जाईल. काल माणसांच्या घोळक्यापासून चितळ किती पावले मागे सरले होते आणि आज किती अंतरावरून पळाले, या दोन आकड्यांची तुलना हाच त्या गटाचा निष्कर्ष असेल. एका दिवसाच्या नोंदीवरून सिद्धान्त होत नाही, हे त्यांना सांगावेच. पण प्रश्न तयार होतो आणि पदवीच्या विद्यार्थ्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

बिबट्याच्या गटाला बिबट्या दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे आधीच सांगावे. त्याने खुणा पाहाव्यात : मऊ मातीवरील ठसे, झाडाच्या बुंध्यावरील ओरखडे, विष्ठेतील केस, माकडांचे इशाऱ्याचे आवाज. उद्यान व लगतच्या परिसरात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने २०१५ मध्ये झालेल्या गणनेत ३५ बिबटे आढळले. १०० चौरस किलोमीटरला वीसहून अधिक ही घनता फार मोठी आहे. हे प्राणी दिवसा आपल्याला दिसत नाहीत, मात्र ते आपल्याला पाहत असण्याचा संभव आहे, हे वाक्य वाटेवर उच्चारले की पन्नास विद्यार्थ्यांचा गट कमालीचा शांत होतो.

या विषयाला एक गंभीर बाजू आहे आणि ती टाळून सहल करू नये. २००४ साली या उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे, त्यांत लहान मुलांचेही, बळी गेले. त्या काळात बिबट्या दिसला की पिंजरा लावून पकडणे आणि दुसऱ्या वनात नेऊन सोडणे हा सर्वमान्य उपाय होता. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरातील माहितीवर आधारित जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की बिबटे आणून सोडण्यास सुरुवात झाल्यावर सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी आपल्या जुन्या क्षेत्राकडे निघतो आणि वाटेतील वस्त्यांत माणसांना सामोरा येतो. मुंबईत २०११ पासून वन विभाग, संशोधक व नागरिक यांनी एकत्र येऊन जो उपक्रम राबविला, त्यात पिंजऱ्यांऐवजी कचरा उचलणे, रात्री मुलांना एकटे न सोडणे, पोलिसांना व पत्रकारांना माहिती देणे यांवर भर होता. पुढे २०१८ मध्ये एका शोधनिबंधात याच बिबट्यांची दुसरी बाजू मांडली गेली : त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्यामुळे कुत्रा चावण्याच्या घटना दरवर्षी सुमारे एक हजाराने कमी होत असाव्यात, असा अंदाज त्यात आहे. मूल गमावलेल्या घरापुढे हा आकडा ठेवता येणार नाही. पण आदल्या दिवशी पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा बिबट्या ज्या विद्यार्थ्यांनी अर्धा तास पाहिला आहे, त्यांना पकडून दुसरीकडे नेण्याच्या मागणीचा अर्थ आता वेगळ्या तऱ्हेने समजतो. सहलीतील दोन दिवसांचा क्रम आधी संग्रहालय व नंतर वन असा ठेवण्याचे मुख्य कारण हेच आहे.

दुपारी कान्हेरी. येथे माकडांना खाऊ घालणारे पर्यटक हमखास भेटतात आणि पिशवी ओढणारी माकडेही. हेडिगर यांचे पलायन-अंतर शून्यावर आले की काय होते, याचे हे प्रात्यक्षिक आहे. विद्यार्थ्यांचे डबे बंद पिशवीत आणि शक्यतो उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशीच ठेवावेत. वनस्पतींच्या गटासाठी डोंगरउतारावरील कारवीची नोंद करावी. ती सात वर्षे वाढते आणि आठव्या वर्षी एकदम फुलते. येथे ती २०१६ व २०२४ मध्ये फुलली. पुढचा बहर २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे.

मुंबई दूर असलेल्यांसाठी :

पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांना पुण्याजवळील कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सोयीचे आहे. तेही बुधवारी बंद असते. पुण्यात १९५३ पासून पेशवे पार्कमध्ये असलेले प्राणी पुढे या मोठ्या जागेत हलविण्यात आले. प्राणी पाळण्याची या शहराची परंपरा त्याहून जुनी : पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये काढले आहे. विदर्भातील महाविद्यालयांना नागपूरजवळ गोरेवाडा येथे २०२१ मध्ये सुरू झालेले प्राणी उद्यान व पेंचचे वन अशी जोडी करता येईल. जोडी कोणतीही असो, दोन्ही ठिकाणी आढळणारी एक जाती आधी निश्चित करावी, ठिकाणे नंतर.

अहवाल :

अहवालाची पृष्ठसंख्या मर्यादित ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्राण्याच्या साठ नोंदी, म्हणजे शनिवारच्या तीस व रविवारच्या तीस, जशाच्या तशा जोडाव्यात आणि त्यांवर दोन पाने लिहावीत. आंतरजालावरून उतरविलेली प्राण्याची सर्वसाधारण माहिती, म्हणजे वजन, आयुर्मान, शास्त्रीय नाव, यांना गुण देऊ नयेत. ती ग्रंथालयात बसूनही मिळते. गुण द्यावेत ते नोंदींच्या प्रामाणिकपणाला. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीच्या रविवारच्या तीसही नोंदी ‘दिसत नाही’ अशा होत्या. खाली तिने लिहिले होते की, अकराव्या मिनिटाला डावीकडील उतारावरून वानरांचे ओरडणे सुरू झाले, ते चार मिनिटे टिकले आणि मार्गदर्शकाने सर्वांना बोलणे थांबवावयास सांगितले. तिला पंचवीसपैकी तेवीस गुण दिले.